एक, बारा, तेवीस

ठरल्या वेळी ठरलेलं काम कॉम्प्युटरकडून करवून घेणं, हाच माझा धंदा. कुणाचा साठा दर नव्वद मिनिटांनी तपासायचा, कुणाच्या नोंदींची नक्कल दर सतरा तासांनी काढायची. मी एक ओळ लिहिते, तो निमूटपणे राबतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर एक घरचं कामही ढकललं: दर अकरा दिवसांनी मला आठवण करायची, बाबांना फोन कर. दर रविवारी केला असता तर पाट्या टाकल्यासारखं वाटलं असतं. अकरा दिवसांचा कुणाला पत्ता लागत नाही, अशी माझी अक्कल.

गेल्या महिन्यात बाबांकडे गेले, तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीचे गोल. एक, बारा, तेवीस. पुढच्या पानावरही तेच, थेट डिसेंबरपर्यंत.

मी कपाळावर हात मारला. माझी ओळ दिवस मोजतच नव्हती. ती तारखा मोजायची आणि दर एक तारखेला पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. ही चूक करू नका म्हणून नवशिक्यांना मीच कानीकपाळी ओरडत असते.

"बाबा, हे कधी लक्षात आलं तुमच्या?"

"तिसऱ्या महिन्यात." ते मटार सोलत होते. "एकतीस वर्षं शाळेची घंटा वाजवली, चिंगे. घंटा झाली म्हणून वर्गात येणारं पोर कोणतं आणि आपणहून येणारं कोणतं, ते मला पावलांवरून कळायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"येत तर होतीस ना वर्गात." त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. "आणि माझीही सोय झाली. त्या दिवशी कुठे जायचं नाही, सकाळपासून कानात यंत्र लावून बसायचं. एरवी काढूनच ठेवतो, बोचतं मेलं."

मी शरमेने अर्धमेली झाले. घरी परतल्याबरोबर ती ओळ पुसून टाकली. बापाला फोन करायला मुलीला भोंगा कशाला हवा!

हवा होता, हे तेरा तारखेला कळलं. बारा तारीख मी सपशेल विसरले होते. बाबा दिवसभर यंत्र लावून बसले असणार. कोणत्या तोंडाने करू म्हणून तेरालाही केला नाही.

चौदाला दुपारी ऑफिसात आगीचा सराव होता. रखवालदाराने घंटा अशी काही बडवली, की बाबांनी ती त्याच्या हातातून काढूनच घेतली असती. मला हसू फुटलं आणि मी जिन्यातूनच फोन लावला. तारीखबिरीख डोक्यातच नव्हती.

बऱ्याच वेळाने त्यांनी उचलला. "कोण, चिंगे? आज तर चौदा! काय झालं? बरी आहेस ना?"

"काही झालं नाही, बाबा. सहज केला."

"काय? मोठ्याने बोल."

"सहज! आठवण आली तुमची म्हणून!" अर्धं ऑफिस माझ्याकडे वळून बघायला लागलं.

पलीकडे ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला.

"थांब, ठेवू नकोस. यंत्र लावतो." बराच वेळ नुसती खुडबुड चालली होती. मग बाबा म्हणाले, "हं. आता सांग परत. काय म्हणालीस?"