पंखावरचं पाणी

लातूरचा नवा जिल्हा झाला, मिरवणुका निघाल्या, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या. नळाला मात्र पाणी आलं नाही. दुष्काळाला जिल्ह्याचं काय कौतुक! त्या सकाळी आमचा पिण्याचा माठसुद्धा कोरडा होता, टँकर दुपारी येणार होता, आणि माझे यजमान शिवमूर्ती विमानाच्या पंखाकडे बघत डोकं धरून बसले होते.

विमान म्हणजे बाल्साच्या हलक्या काटक्यांचा नमुना. नांदेडला पोरांना असली विमानं करायला शिकवायची नोकरी निघाली होती. स्वतः केलेलं विमान त्याच दुपारी तिथल्या मैदानावर उडवून दाखवायचं. उडालं तर नोकरी, आणि आम्हा दोघांना तिथं भाड्याची का होईना, खोली. नाहीतर आहेच माझ्या सासऱ्यांचं, गुरुपादप्पांचं, डाळीचं दुकान. त्या दुकानात यांचा जीव गुदमरायचा आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत माझा.

सांगाड्यावर यांनी आदल्या दिवशी खळीनं टिश्यू कागद डकवला होता. तो सैल पडून सुरकुतला होता. वरून पाणी शिंपडलं की असा कागद वाळताना आवळतो, म्हणे ओंजळभर पुरे. ओंजळभर! घरात पाणी होतं ते फक्त मामंजींच्या पूजेच्या तांब्यात. परसातल्या आडात रात्रभर झिरपून तेवढंच जमायचं, आणि ते स्वतः पहाटे मडीनं, म्हणजे सोवळ्यानं, काढायचे. त्या पाण्यानं लिंगपूजा झाल्याशिवाय ते तोंडात घास घालत नसत, आणि साखरेच्या आजाराची गोळी तर जेवणाबरोबरच घ्यायची. दुसऱ्या कामाला थेंब जरी काढला, तरी उरलेलं पाणी पूजेला बाद.

मी तांब्या उचलला, लग्नातल्या गुलाबदाणीत थोडं ओतलं आणि ती यांच्या हातात दिली. हे नको नको म्हणत होते. तांब्या भरलेलाच दिसतोय, कोण बघतंय, असं मी दटावलं तेव्हा कुठे यांनी शिंपडलं. त्या उन्हात कागद बघता बघता आवळला; टिचकी मारली तर हलगीसारखा वाजला. कितीतरी दिवसांनी हे हसले. मला इतका आनंद झाला, की मी लगबगीनं विमान जुन्या धोतरात गुंडाळलं. अहमदपूरवरून नांदेडला जाणारी एसटी अकराला होती.

तेवढ्यात मामंजी पूजेला बसले. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, तांब्याकडे हात नेला आणि थांबले. बाजूच्या फरशीवर दोन थेंब होते.

"शिवा, ह्यातलं पाणी घेतलास का?"

नाही म्हणा, असं मी दारातून डोळ्यांनी सांगत होते. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मग तळहातावरच्या लिंगाकडे पाहिलं.

"घेतलं, अप्पा. पंखावर शिंपडायला."

"बरं. उद्या आडात पाणी जमंल, तवा पूजा करू. तू जा, गाडी चुकंल."

आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. उलट प्रवासात खायला काही बांधून घे म्हणाले. आरडाओरडा केला असता तर हे तडक निघाले असते, अशी माझी खात्री आहे. मामंजी भिंतीला टेकून उपाशी बसून राहिले. हे धोतरातलं बोचकं काखेत घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी ते बोचकं डाळीच्या पोत्यांवर ठेवलं आणि दुकानाच्या फळ्या काढायला लागले.

माझा असा संताप झाला! मी तर बेधडक खोटं बोलले असते. पण सासरा सुनेशी थेट बोलत नाही. मला कुणी विचारलंच नाही.