देवीचा हिरवा शालू

नवमीच्या सकाळी ठाकुर्लीच्या त्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. सोसायटीच्या मीटिंगला ज्यांना कधी वेळ नसतो, ती सगळी माणसं हात जोडून एका काचेच्या कपाटाकडे बघत होती. कपाटात बटाटे होते. होय, बटाटेच! घटस्थापनेला प्रत्येकाने घरचा बटाटा आणून दिला होता. दृष्ट लागू नये म्हणून त्र्यंबकबाबाने प्रत्येकावर चंद्रकोरीची काळी टिकली चिकटवली होती आणि रात्रंदिवस ट्यूबलाइटच्या झगमगाटात सगळे मांडून ठेवले होते.

"आई अंबे, हिरवा शालू नेस! कुंकू दाखव!" बाबा गरजला आणि टिकल्या सोलू लागला. बटाटा हिरवा, टिकलीखाली मात्र फिकट चंद्रकोर! बायकांना रडू फुटलं. एका निवृत्त इंजिनिअरने लोटांगण घातलं. एवढं शिकून अडाणी राहायला मेहनत लागते, ती त्याने मनापासून घेतली होती.

विनिता सासूचा, कमळाबाईंचा दंड धरून उभी होती. तिला संताप येत होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. सासूबाईंना डायबिटीस. बाबाच्या नादाने त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. मागच्या पौर्णिमेला असलाच हिरवा बटाटा कच्चा, सालीसकट खाऊन त्या दिवसभर ओकत होत्या. "रोग बाहेर पडतोय," बाबाने सांगितलं होतं. आज पुन्हा तोच प्रसाद त्यांच्या हातात पडला होता.

"आई, नका खाऊ."

"तू चूप ऱ्हा गो. देवीचा हाय तो," कमळाबाई म्हणाल्या आणि बटाटा तोंडाशी नेला.

विनिताने त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून दोन बटाटे काढले. "हे बघा सगळे! घटस्थापनेलाच दोघांना टिकली लावली. एक खिडकीत ठेवला, एक तांदळाच्या डब्यात." तिने टिकल्या ओढल्या. खिडकीतला हिरवा, चंद्रकोरीसकट. डब्यातला जसाच्या तसा.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, विनिताच्या घरी पण देवी आली!" आणि चार जणी तिच्या पाया पडायला धावल्या.

विनिताने कपाळावर हात मारून घेतला. अकलेचे कांदे म्हणावं, तर कांद्याचा अपमान! मग तिने स्वतःची टिकली काढली. उन्हाने रापलेल्या कपाळावर गोल पांढुरका डाग होता.

"ही पण देवी का? ऊन लागतं तिथे कातडी रापते, झाकलेली राहते तशी. बटाट्याचंही तेच. उजेड लागला की तो हिरवा होतो आणि त्यात विष वाढतं. गच्चीवर गोणीत मी बटाटे लावते. मातीबाहेर आलेला हिरवा होतो, मी फेकून देते. म्हणून तर बटाटे अंधारात साठवायचे!"

"मंग मी ओकलेली ती..." कमळाबाईंनी हातातला बटाटा उलटसुलट करून पाहिला.

"रोग नाही, आई. हा बटाटा बाहेर पडत होता."

"नास्तिक बाई आहे ही, बाहेर काढा!" बाबा किंचाळला.

कमळाबाई तरातरा पुढे गेल्या आणि तो बटाटा त्यांनी बाबाच्या नाकासमोर धरला. "मंग तू खा. सालीसकट."

"माझा... माझा उपास आहे, माउली."

"उपासाला बटाटा चालतो रे, मेल्या!"

मंडपात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. बाबाने दोन पावलं मागे घेतली, पण बटाट्याला हात लावला नाही. ते सगळ्यांनी पाहिलं. इंजिनिअरसाहेब गुडघे झटकत उभे राहिले.

"चल घरी," कमळाबाई सुनेला म्हणाल्या, "माजी गोली दे आधी."

लोकहो, चमत्काराचं शास्त्र प्रत्येकाला ठाऊक नसेल, त्यात लाज नाही. पण प्रसाद तोंडात घालण्याआधी एक प्रश्न कुणालाही विचारता येतो: महाराज, आधी तुम्ही खाताय ना?