आतून टकटक

थेंब सुटत नव्हता. खिडकीची चौकट आणि लाकूड मिळतात त्या खालच्या कोपऱ्यात तो जमून फुगला होता, आणि त्याला वाटत होतं आता पडेल, आता पडेल... कानाशी फोन होता आणि फोनमध्ये लेक रडत होती. "बाबा, आई गेली." रात्र दवाखान्यात काढून तो सकाळी बोटीवरच्या घरी आला होता, तेही फक्त बायकोची गादी कोरडी करून ठेवायला, कारण दुपारी तिला घरी न्या असं डॉक्टर म्हणाले होते. "हो," तो फोनमध्ये म्हणाला. मग थेंब सुटला, गादीवर पडला, आणि त्याने सगळ्यात आधी काय केलं, तर गादी ओढून बाजूला घेतली. भिजू नये म्हणून.

उन्हाळा आला आणि गेला. आज तो त्याच खिडकीच्या बाहेर डेकवर गुडघे टेकून बसला होता, हातात पाण्याचा पाइप. आत, त्या गादीच्या जागी, उघड्या फळीवर लेक बॅटरी घेऊन बसली होती. काचेतून तिचा फक्त भांग दिसत होता, अगदी तिच्या आईसारखा. तो भांग पाहायचा नाही असं त्याने ठरवलं होतं.

"करा सुरू," लेक आतून ओरडली. "आणि बाबा, ठरलंय ते ठरलंय. आज गळती सापडली नाही तर बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. थंडीत या ओलीत मी तुम्हाला ठेवणार नाही."

"ठेवायला मी काय ट्रंक आहे?"

"ट्रंक परवडली. गप्प तरी बसते."

बोटीच्या खिडकीची गळती एकट्याने सापडत नाही. बाहेर पाणी मारायचं, पाइप टाकून आत धावायचं, तोवर पाणी कुठून तरी शिरून, फळकुटामागून वाट काढून भलत्याच ठिकाणी उतरलेलं असतं. म्हणून दोन माणसं लागतात. एकाने बाहेर पाणी धरायचं आणि तेही खालून वर चढत जायचं, कारण वरून सुरुवात केली की सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. दुसऱ्याने आत बसायचं. चौकटीच्या कडेने खडूची पूड लावून ठेवायची, ओघळ आला की पुडीवर रेघ उमटते. एक टक म्हणजे आलं. दोन म्हणजे इथे काही नाही, पुढे सरका. ही टकटक त्याच्या बायकोने ठरवली होती. "अहो, पाणी अगदी तुमच्यासारखं आहे," ती म्हणायची, "शिरतं एकीकडून आणि बोलतं भलतीकडे."

बाकीच्या खिडक्या त्या दोघांनी अशाच कोरड्या केल्या होत्या. ही एक राहिली. बायको गेल्यावर तो एकटाच हिच्या मागे लागला होता — वरून फटी बुजवायचं सिलिकॉन, बाजूंनी सिलिकॉन, जुनं खरवडून नवं, नव्यावर आणखी एक थर... आणि पाणी येतच राहिलं. लेकीला आधीच बोलवता आलं असतं. पण आतल्या जागेवर दुसरं कोणी बसेल हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. पटतं न पटतं, शेवटी लेकीनेच चपला काढल्या आणि जाऊन बसली.

त्याने चौकटीच्या खालच्या भिंतीवर पाणी धरलं. बराच वेळ गेला. टक, टक. तो वर सरकला. काचेची खालची कड, जिथे रबराची पट्टी जुनी होऊन आखडली होती. पाणी काचेवरून पसरत होतं, आणि पाण्याआड तो भांग हलत होता...

बायकोची छाती. डॉक्टर म्हणाले होते, याचा ओलीशी काही संबंध नाही, हा आजार वेगळाच आहे. तेव्हा त्याने मान हलवली होती. पण मान हलवणं वेगळं. माणूस वर्षभर गळक्या खिडकीखाली झोपतं, आधी खोकतं, मग दमतं, आणि तिचा नवरा, ज्याने आयुष्यभर बोटींची इंजिनं खोलून जोडली, त्याला एक खिडकी बुजवता येत नाही. मला येत नाही. कुठेतरी मीच काहीतरी अर्धवट सोडलंय, आणि ते सापडलं की ते माझं असेल, माझ्या हातचं, आणि मग निदान कळेल तरी. थंडी, बॅग, लेकीचं घर हे सगळं त्याच्या मागून येत होतं. आधी हे.

"बाबा, सरका की पुढे!"

"थांब जरा."

"काही नाहीये इथे."

"थांब म्हटलं ना!"

आवाज चढला तसा आतला भांग स्थिर झाला. पूर्वी तो इथूनच पुढे सरकायचा, घाईघाईने. आता पाइप धरलेलं मनगट भरून आलं होतं, आभाळही भरून येत होतं, आणि तो हलला नाही.

टक.

एकच. बोटाच्या पेरानं, काचेच्या अगदी कोपऱ्यात, जिथे तिची आई वाजवायची तिथेच. त्याच्या हातातला पाइप क्षणभर वर गेला आणि पाणी त्याच्याच तोंडावर आलं.

"आलं बाबा! बंद करा, रेघ आली!"

त्याने नळ बंद केला.

"अजून येतंय," लेक म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बाबा, पाणी बंद केलंत ना? थांबतच नाहीये."

म्हणजे पाणी कुठेतरी साठलं होतं. चौकटीच्या पन्हळीत. सरकत्या खिडकीत थोडं पाणी शिरायचंच, त्यासाठीच पन्हळीला खाली बाहेरच्या अंगाला दोन बारीक भोकं असतात, शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. भोकं बुजली तर पन्हळ भरते आणि आत सांडते. एवढी साधी गोष्ट. तो पालथा झाला, गाल डेकला टेकवला आणि चौकटीच्या पोटाखाली पाहिलं. भोकांच्या जागी पांढरं सिलिकॉन होतं. त्याचं नव्हतं. तो पत्र्याच्या पट्टीने सपाट ओढतो. हे बोटाने दाबलेलं होतं, काळजीपूर्वक, आणि त्यात अंगठ्याचा ठसा उमटला होता, मधोमध तिरकी चीर असलेला. बायकोच्या अंगठ्यावरची ती चीर लग्नाआधीची, विळीने कापल्याची.

ती इथे डेकवर बसून भाजी निवडायची. बसल्या जागेवरून तिला ही भोकं दिसली असणार, पाणी इथूनच आत शिरतं असं वाटलं असणार. गेल्या वर्षी तो कामावर असताना... "बघा, थांबलं की नाही पाणी," असं ती एकदा म्हणाली होती, आणि त्याला वाटलं होतं आपण लावलेला वरचा थर लागू पडला. तो खूश झाला होता. ती हसली होती. पुढे पाणी पुन्हा आलं तेव्हा काहीच बोलली नव्हती, गादी नुसती हातभर सरकवली होती.

आपणच पाण्याची वाट बुजवली, हे तिला कळलं होतं का?

"सांगायचं नाही मला?" तो मोठ्याने म्हणाला. "एका शब्दाने?"

"काय सांगायचं? कोणाशी बोलताय?"

त्याला राग आला होता, खराखुरा, पूर्वी यायचा तसा, चहा गार झाल्यावर किंवा पाना सापडला नाही की यायचा तसा. ती गेल्यापासून तिच्यावर असं रागावता आलं नव्हतं. आणि रागासरशी ती अशी जवळ आली की तिच्या केसांच्या तेलाचा वास येतोय की काय असं वाटून त्याने श्वास रोखला.

लेकीने काच सरकवली, डोकं बाहेर काढलं. नाकाला खडूची पूड लागली होती.

"सापडलं ना?"

"सापडलं. खालच्या भोकांत सिलिकॉन दाबलंय."

"मग कोणी केलं हे?"

"भोकं बुजलीत," तो म्हणाला. त्याने खिशातून बारीक पेचकस काढला, टोक सिलिकॉनवर टेकवलं. पोटाखालच्या त्या पांढऱ्या ठशावर त्याने आधी स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. तो मावला नाही.

"मग काढा की. पाऊस येईल. आणि बॅगेचं काय?"

"बॅग भरू नकोस," तो म्हणाला. "काच ओढून घे. भोकं उघडली की पुन्हा पाणी मारतो."

लेकीने काच ओढून घेतली. भोकं दोन आहेत. दोन्ही उघडायची राहिली आहेत.