मखरातला मोर मोर्चाला गेला

मी पुठ्ठा बोलतोय. साधासुधा नव्हे, फ्रिजच्या खोक्याचा! न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात चंद्रहास आणि मृदुलाच्या घरी नवा फ्रिज आला, त्याच्यासोबत मी आलो. गणपती तोंडावर होते, म्हणून चंद्रहासने मला कापून मखर केलं, सोनेरी रंग दिला आणि मधोमध मोर काढला. दिवसभर कॉम्प्युटरशी झटणारा माणूस, मोर कसला जमतोय त्याला! पुण्याहून त्याच्या बहिणीने, लीलाने, व्हिडिओ कॉलवर विचारलंच, "दादा, हा मोर की बदक?" घरभर हशा पिकला.

गणपती गेले आणि मी गॅरेजमध्ये पडलो. मग चंद्रहास-मृदुलाच्या मुलीने, मैत्रेयीने, मला बाहेर काढलं. हवामान बदलाविरुद्ध शाळा बुडवून पोरं राजधानीत, वेलिंग्टनला, मोर्चा नेणार होती. माझ्या कोऱ्या पाठीवर तिने इंग्रजीत रंगवलं, 'नदीला पूर आला की शाळा बंदच ठेवता ना?'

"बाबांना संध्याकाळी मी सांगते," मृदुला म्हणाली.

त्याआधीच घोळ झाला. मोर्चात कोणीतरी मागून फोटो काढला. रेनकोटची टोपी ओढलेली मुलगी, तिच्या डोक्यावर मी आणि माझा मोर. तो फोटो गावाच्या फेसबुक ग्रुपवर चढला. खाली लोकांनी काय काय लिहावं! "शाळेत जा." "आईच्या गाडीतून आले असतील." अहो, आम्ही ट्रेनने गेलो होतो! दोघा-चौघांनी बाजू घेतली, तीही शिव्या देऊनच. नदीबद्दल कोणी अवाक्षर काढलं असेल तर शपथ.

चंद्रहास ऑफिसातून घरी येत होता. मोराकडे नीट न बघताच त्याने फोटोखाली हसरा चेहरा दाबला आणि 'बघा इथली नौटंकी' म्हणत फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ढकलला. लगेच लीलाचं उत्तर आलं, "अरे दादा, हे तर तुझं बदक!"

त्या ग्रुपवर मैत्रेयीही होती.

तो घरी आला, तेव्हा मी जेवणाच्या टेबलाला टेकून उभा होतो. "अगं, तू आहेस हे कळलंच नाही मला," तो म्हणाला.

"सो, दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर ओके?"

ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. एके सकाळी तिने मला रिसायकलिंगच्या डब्यात कोंबलं. माझा कोपरा फाटला. तिच्यावर राग नाही आला, पण मला वाईट वाटलं.

चंद्रहास कचरा ठेवायला आला आणि मला बघून थबकला. त्याने मला बाहेर ओढलं आणि माझी पाठ पहिल्यांदा वाचली. तिथेच उभ्या उभ्या त्याने गावाच्या ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिलं, "ही माझी मुलगी. मोर मी काढलाय. न वाचता हसलो, चुकलो."

झालं! आता हसरे चेहरे त्याच्यावर बरसू लागले. "काढून टाक ना ते," मृदुला म्हणाली. त्याने काढलं नाही.

संध्याकाळी मैत्रेयी फोन घेऊन आली. "बाबा, दे आर बीइंग सो मीन टू यू."

"तुझ्याशीही तसेच वागले. मीही त्यांच्यातच होतो, बाळा."

चिकटपट्टी आणून तिने माझा कोपरा चिकटवला. पट्टीचं टोक त्याने धरलं.

माणसांनो, हसायचं तर हसा, पण आधी पुठ्ठा उलटून तरी बघा. पुढच्या गणपतीला मी पुन्हा उभा राहणार आहे. मोर पुढे की अक्षरं पुढे, यावर बापलेकीचं अजून जुळत नाही. रोज जेवताना भांडतात, एकमेकांकडे बघून.