इंजिन उतरवायचं की नाही

"सिलिंडर बोअर करून घेऊ, पिस्टन-रिंगा नव्या टाकू. आहे तेच इंजिन अजून चार-पाच वर्षं आरामात काढेल, वहिनी," चिंधीला हात पुसत मिस्त्री म्हणाला.

नावाड्याची बायको कमरेवर हात ठेवून धक्क्यावर उभी होती. "गेल्या वर्षी तुम्हीच म्हणत होतात ना, याच्यात आता दम नाही, नवीन घ्या म्हणून? मग आता एकदम कसा जीव आला त्याच्यात?"

मिस्त्रीने नावाड्याकडे पाहिलं. नावाड्याने किंचित मान हलवली. ती नजरानजर तिच्या मनात कुसळासारखी रुतली.

पाणी कुठेतरी मुरत होतं. भर प्रवाहात इंजिन दोनदा बंद पडलं होतं. दुसऱ्यांदा तर माणसांनी भरलेली नाव वाहत थेट पुलाच्या खांबाकडे निघाली होती. दुसऱ्या नावेने दोर टाकला म्हणून निभावलं. तरी नव्या इंजिनाचा विषय काढला की नवरा उठून चालायला लागायचा. अलीकडे तो घरात तिऱ्हाइतासारखाच वागायचा. स्वयंपाकघरातून हाका मारमारून घसा कोरडा पडला तरी हा ढिम्म. "ऐकून न ऐकल्यासारखं करायला बरं जमायला लागलंय यांना," असं ती बहिणीजवळ कुरकुरायची. मिस्त्रीशी मात्र गूळपीठ. दोघं इंजिनावर वाकून बोटांनी काहीतरी खुणा करत बसायचे आणि ती जवळ गेली की हात खाली.

जुनं इंजिन म्हणजे मिस्त्रीच्या कमाईची कायमची सोय, हे तिला कळत होतं. पण नवऱ्याचं त्यात काय होतं?

शेवटी तिने मिस्त्रीला त्याच्या गॅरेजमध्येच गाठलं. "खरं सांगा, यात तुमचा फायदा काय?"

"फायदा?" मिस्त्रीला ते लागलं. "मला विचाराल तर ते इंजिन आजच भंगारात जायला हवं."

"मग दुरुस्तीचा हट्ट कुणाचा?"

"त्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाय." त्याने हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, जा आणि त्यांना पाठीमागून एक हाक मारून बघा. याच्यापुढे मला काही विचारू नका."

नाव धक्क्याला बांधलेली होती. नवरा पाठमोरा, अनवाणी, इंजिनाशेजारच्या फळीवर उभा राहून तेल घालत होता.

"अहो!"

शेजारच्या नावेतल्या दोघांनी वळून पाहिलं. तो तेल घालतच राहिला.

"अहो, ऐकताय ना?"

वर्षभर जपलेला राग तिच्या हातून निसटला. तिने नावेत पाय टाकला, नाव कलली, तसा तो वळला. तिचा चेहरा पाहिला आणि काय ते समजला.

"कधीपासून?" तिने सावकाश विचारलं.

"डावा कान आधी गेला. उजव्यात वर्षभर नुसती घोंघों." तो फळीवर बसला. "या इंजिनाचं काही बिघडलं की मला पायातून कळतं. नव्याच्या खाली रबर असतं. थरथर फळीपर्यंत पोचतच नाही."

"आणि मागे कुणी पाण्यात पडलं, ओरडलं तर? तेही पायातूनच कळणार?"

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग त्याची नजर आपल्या अनवाणी पायांकडे गेली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सुकाणू काढून घेतलं असतंस."

तेच केलं असतं तिने. त्याच्या आजारपणात नाव तिनेच तर चालवली होती.

पलीकडच्या काठावर माणसं जमली होती, कुणीतरी हात हलवून बोलावत होतं. मग तोच म्हणाला, "मिस्त्रीला सांग, उतरव म्हणावं."

नवीन इंजिन बसलं त्या सकाळी त्याने दोर सोडला, नाव पायाने लोटली आणि सवयीने मागच्या टोकाकडे निघाला. तिथे सुकाणू धरून ती उभी होती. तो मध्येच थांबला, वळला आणि प्रवाशांच्या बाकाकडे आला. एका म्हाताऱ्या बाईने आपलं गाठोडं मांडीवर ओढून त्याला जागा करून दिली. तो अवघडून बसला, हात कुठे ठेवावेत ते न सुचून.