सहीची मुदत

सहीसाठी ब्राउझरने उघडलेल्या छोट्या चौकटीत सर्टिफिकेटांच्या चार ओळी होत्या. चारही ओळींवर नाव एकच, डॉक्टरांचं. फरक होता तो उजव्या टोकाच्या तारखेत. माऊसचा बाण शेवटच्या ओळीपर्यंत गेला, परत वर सरकला आणि पहिल्या ओळीवर थांबला. डॉक्टरांनी तीच निवडली. पासवर्ड मात्र न चुकता टाइप केला. पोर्टलने सही नाकारली. सर्टिफिकेटची मुदत संपली होती.

“हे यंत्र माझ्यावर डूख धरून आहे,” ते म्हणाले.

शेजारच्या टेबलाशी त्यांची मुलगी बसली होती. तीही पॅथॉलॉजिस्ट होती, याच लॅबमध्ये वडिलांच्या हाताखाली तयार झालेली. लॅबची पद्धत ठरलेली होती. डॉक्टर स्लाइड बघायचे, निदान तोंडी सांगायचे, ती टाइप करायची, आणि हॉस्पिटलच्या पोर्टलवर रिपोर्ट पाठवताना सही त्यांच्या डिजिटल सर्टिफिकेटने व्हायची. दर नूतनीकरणाला नवं सर्टिफिकेट ब्राउझरमध्ये घातलं जाई आणि जुनं काढायचं राहून जाई. काढू म्हटलं की डॉक्टर अडून बसत. जुन्या रिपोर्टांवरच्या सह्या त्याने पुसल्या जातील, असं त्यांचं म्हणणं. सही रिपोर्टातच राहते, हे तिने समजावलं की त्यांना पटे. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा तेच विचारत.

नाकारलेला रिपोर्ट तिच्या स्क्रीनवर परत येई. तो पुन्हा पाठवण्याआधी ती स्लाइडवर नजर टाकी, आधी नुसती सवय म्हणून. मग एकदा, त्यांनी साधी सूज सांगितली होती तिथे तिला भलत्याच पेशी दिसल्या. तिने निदान बदललं आणि सही करायला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी न वाचता सही केली. तेव्हापासून परत आलेली प्रत्येक स्लाइड ती नीट बघू लागली, आणि परत तर जवळजवळ सगळेच रिपोर्ट येत होते.

आई गेल्यापासून डॉक्टरांचा सगळा दिवस त्या मायक्रोस्कोपपाशी जायचा. तिथून त्यांना उठवायचं कोणत्या तोंडाने, हे तिला सुचत नव्हतं.

लॅबची टेक्निशियन जुनी आणि फटकळ होती. स्लाइड रंगवता रंगवता तिने एकदा सरळच विचारलं होतं, “मॅडम, नाव सरांचं आणि डोळे तुमचे. असं किती दिवस ओढणार?”

एवढी कामाची गर्दी ओसरली की बोलते, असं मुलगी म्हणाली. त्यावर टेक्निशियनचं म्हणणं पडलं, की गर्दी काय, ती आपल्या सगळ्यांना पुरून उरेल.

नाकारलेल्या सह्या फार होतायत, अशी पोर्टलवाल्यांची तक्रार आली तेव्हा मुलीने ब्राउझरची सेटिंग उघडली, सर्टिफिकेटांच्या यादीत गेली आणि मुदत संपलेली तिन्ही काढून टाकली. नक्की काढायचं का, असं ब्राउझर प्रत्येक वेळी विचारत होता. तिने प्रत्येक वेळी होकार दिला. आता चुकीची निवडायला दुसरी ओळच उरली नव्हती. काम नीटनेटकं झालं, याचं तिला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आतल्या खोलीत नवे नमुने बघत असताना डॉक्टरांनी एक रिपोर्ट स्वतःच टाइप करून पाठवला. “आज एका झटक्यात गेली बघ सही,” ते खुशीत म्हणाले. रिपोर्ट परत न आल्यामुळे कामाच्या रगाड्यात तिला ती स्लाइड थेट दुपारीच हातात घेता आली. स्तनातल्या गाठीचा तुकडा होता. रिपोर्टात गाठ साधी असल्याचं लिहिलं होतं. ती साधी नव्हती.

तिने तो तुकडा पाठवणाऱ्या सर्जनला फोन केला. गाठ साधी आहे, असं त्यांनी पेशंट बाईंना केव्हाच सांगून टाकलं होतं. बाई तिथेच रडल्या, मग हसल्या, आणि नवऱ्याचा हात धरून घरी गेल्या. सर्जन म्हणाले, बोलावून घेतो परत. चूक कुणाची हे त्यांनी विचारलं नाही. रिपोर्टवर नाव होतंच.

मुलीने स्लाइड वडिलांपुढे ठेवली. त्यांनी पुष्कळ वेळ बघितली. “हे दिसायला हवं होतं मला,” ते हळूच म्हणाले आणि भिंगावरून रुमाल फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, कालच्या त्या गाठीचा रिपोर्ट गेला ना?

उरलेल्या सर्टिफिकेटचीही मुदत संपत आली होती. नूतनीकरणासाठी, ओळख पटवायला, सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीशी व्हिडिओ कॉल ठरला. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसले. पलीकडच्या तरुणीने नाव विचारलं, त्यांनी खणखणीत सांगितलं. किती वर्षांचं काढायचं, असं तिने विचारलं.

“तीनचं काढू,” ते मुलीकडे वळून म्हणाले. “सारखी कटकट नको. काय?”

पलीकडची तरुणी उत्तराची वाट बघत होती. मुलीने खुर्ची ओढली, वडिलांच्या शेजारी बसली, आणि माऊसवरचा त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

“बाबा, नवं सर्टिफिकेट काढायचं नाही. यापुढे सही मी करणार, माझ्या नावाने. तुम्ही आता स्लाइड बघायच्या नाहीत.”