बायकांच्या दिशेने

माझ्या बहिणीची मुलगी नोएलिया परगावच्या लोकांना पायी फिरवून आमचं सालामांका दाखवते. पिवळी छत्री उंच धरायची आणि बोलत बोलत पुढे चालायचं, हे तिचं काम. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरच्या कोरीवकामात दगडाचा बेडूक शोधायला लावते, जुनं आणि नवं अशी दोन्ही मोठी चर्च दाखवते आणि शेवटी सगळ्यांना मोठ्या चौकात आणून सोडते. मी कधी तिच्याबरोबर गेले नव्हते. जन्म जिथे गेला तिथे छत्रीमागून काय चालायचं?

ऑक्टोबरातल्या एका दुपारी तिचा फोन आला. "मावशी, तुझ्याकडे एका आजोबांना पाठवतेय. अर्जेंटिनाहून आलेत. सकाळच्या फेरीत विचारत होते, दोन्या पाकांचं घर अजून आहे का म्हणून."

दोन्या पाका म्हणजे माझी आई. विद्यापीठामागच्या गल्लीत आमच्याकडे विद्यार्थी राहायला-जेवायला असत. हिवाळ्यात जेवणाच्या टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, टेबलावरून जमिनीपर्यंत जाड कापड सोडायचं, आणि सगळ्यांनी त्यात पाय खुपसून अभ्यास करायचा. कायद्याची पोरं मोठ्याने पाठ करायची, वैद्यकीची झोपायची. आज सकाळी काय खाल्लं ते मला आठवायला वेळ लागतो, पण कुठल्या पोराला मसूर आवडत नव्हते ते मी अजून सांगेन.

एवेलिओला आवडत नव्हते. दारात तो उभा राहिला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मिठाईचा खोका, आणि मी त्याला लगेच ओळखलं.

"विसी, केस पांढरे केलेस की," तो म्हणाला.

"माझे आहेत तरी. तुझे कुठे ठेवून आलास?"

कॉफी झाली. त्याने सगळ्यांची चौकशी केली. आईची, कोपऱ्यावरच्या चांभाराची, मेलेल्या कुत्र्याचीसुद्धा. मी वाट बघत होते. शेवटी खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत त्याने विचारलं, "आणि दोमी?"

"आहे. नवरा गेला, मुलं माद्रिदला. रोज सकाळी पाव आणायला खाली उतरते."

"भेटेल का? उद्या सकाळी आमची बस पोर्तुगालला निघतेय."

आता जरा मागचं सांगायला हवं. आमच्या तरुणपणी संध्याकाळ झाली की सगळं गाव चौकात फेऱ्या मारायचं. पुरुष एका दिशेने, बायका उलट दिशेने. त्यामुळे एका फेरीत एकच चेहरा दोनदा समोर यायचा. समोर आला की "आदिओस", म्हणजे "अच्छा", एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं, थांबायचं नाही. एखाद्याला मुलगी आवडली, तर एके दिवशी तो आपली दिशा सोडून वळायचा आणि तिच्या शेजारून चालू लागायचा. त्याने बोलायचीही गरज नसे. दुसऱ्या दिवशी पाववाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना कळलेलं असे.

एवेलिओने दोन हिवाळे दोमीला आदिओस म्हटलं. मी तिच्या हातात हात घालून चालत असे, म्हणून मला माहीत. तो जवळ आला की तिची बोटं माझ्या दंडात रुतायची. पण तो वळला नाही. मग त्याच्या काकाने त्याला चामड्याच्या धंद्यासाठी अर्जेंटिनात रोसारिओला बोलावून घेतलं. दोमीने पुढे एका चांगल्या माणसाशी लग्न केलं, संसार केला, आणि हा विषय माझ्याकडेही कधी काढला नाही.

मी तशीच तिच्याकडे गेले. ती बटाटे सोलत होती.

"एवेलिओ आलाय," मी म्हटलं.

"कोण एवेलिओ?" हातातली सुरी थांबली होती.

"अगं, नाटकं पुरे. तुला भेटायचंय त्याला."

"इथे नको. समोरची हिलारिया दाराला कान लावून बसते."

"मग कॅफेत भेटा."

"आणि साऱ्या वेटरांनी बघत बसायचं, म्हातारी किती साखर घालते ते?" तिने बटाटा पाण्यात टाकला. "चौकात येऊ दे. सात वाजता. मी चालेन, त्यानेही चालावं, तेव्हासारखं. समोर आले की ओळखतो का बघू. ओळखलं तर थांबेल. नाहीतर मी आपली घरी येईन, बटाटे आहेतच."

"बाई गं, आपलं वय काय!"

"म्हणूनच. आणि विसी, तू त्याला बोट करून मला दाखवायचं नाहीस. तुझ्या आईची शपथ."

घेतली शपथ. तिला काय हवंय ते मला कळत होतं. तिला कोणीतरी सांगून ओळखलेलं नको होतं.

त्याच संध्याकाळी एवेलिओच्या मंडळींची दुसरी फेरी होती आणि ती सातला चौकातच संपणार होती. मी त्याला निरोप दिला. तोही हसला नाही. "चालतो," एवढंच म्हणाला.

सातच्या आधीच मी कमानींखालच्या बाकावर जाऊन बसले. दोमी आली. निळा कोट, ओठांना रंग, आणि चष्मा नाही. "चष्मा?" मी विचारलं. "घरी राहिला," ती म्हणाली आणि चालू लागली. आता तसं कोणी फिरत नाही. पोरं-पोरी चौकाच्या मधोमध फरशीवर बसून खोक्यातून पिझ्झा खातात. त्यांना वळसे घालत ती एकटी आमच्या जुन्या दिशेने निघाली.

तेवढ्यात पिवळी छत्री आली. नोएलियाची ही शेवटची करामत असते. ती पाहुण्यांना चौकातली ती जुनी फेरी मारायला लावते. "पूर्वी पुरुष या बाजूने जायचे, बायका त्या बाजूने," तिने हात करून दाखवलं. "चला, एक-दोन फेऱ्या मारू या!"

मी कपाळावर हात मारला. तिने पुरुषांना ज्या दिशेला पाठवलं ती आमची, बायकांची दिशा होती. निदान मला आणि दोमीला तसंच आठवतं. नोएलियाला तिच्या प्रशिक्षणात उलट शिकवलंय. यावरून आमची आजही वादावादी होते. पण त्या संध्याकाळी वाद घालायला वेळ नव्हता. एवेलिओ चार जर्मन पुरुषांमागून काठी टेकत निघाला होता, आणि दोमी चौकाच्या पलीकडच्या अंगाला, त्याच दिशेने, जवळपास त्याच चालीने. असे दोघं रात्रभर फिरले असते तरी समोरासमोर आले नसते.

तो येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे निरखून बघत होता. एक जाडी बाई तर त्याला हसून उलट हात हलवून गेली.

दोमी माझ्या बाकाजवळ आली तशी मी उठून तिचा हात धरला. "अगं, तो आपल्याच दिशेने चाललाय."

"आपल्या? बायकांच्या?"

"नोएलियाने पाठवलं."

"तुझ्या भाचीला काही येत नाही."

"ते नंतर. तू वळ. उलटी चाल, म्हणजे समोर येईल."

"मी वळू?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला कोट काढून चाल म्हटलं होतं. "बाबा गेले त्या वर्षी काळे कपडे घालूनसुद्धा मी याच दिशेने चालले. आता वळू?"

"मग मी त्याला सांगते."

"शपथ घेतलीयेस."

आम्ही चालत राहिलो. पलीकडे नोएलियाने छत्री उघडून वर धरली. म्हणजे आता सगळ्यांनी जमायचं, आणि हॉटेलकडे निघायचं. दोमीलाही ते दिसलं, चष्म्याशिवाय. पिवळा रंग लांबूनही दिसतो. तिची चाल हळू झाली. "गुडघा दुखतोय," ती म्हणाली. तेव्हाही मुली अशाच हळू व्हायच्या, तेव्हा बुटात खडा जायचा.

मागून काठीचा आवाज जवळ जवळ येत गेला. दोमीची बोटं माझ्या दंडात रुतली. आणि एवेलिओ आमच्या शेजारून, जवळजवळ कोट घासून, पुढे निघून गेला. त्याने बघितलंही नाही. तो समोरून येणारे चेहरे शोधत होता, बाजूच्या दोन म्हाताऱ्यांकडे त्याचं लक्ष कशाला जाईल?

मी दोमीकडे बघितलं. तिने ओठ मिटले होते. मला वाटलं, संपलं, आता ही बटाट्यांकडे जाणार.

"एवेलिओ!" ती ओरडली. पिझ्झा खाणारी पोरंसुद्धा वळून बघू लागली. आमच्या काळात मुलीने आधी हाक मारली असती, तर आईने केस ओढत घरी नेलं असतं.

त्याने मागे बघितलं. काठी सावरली. "दोमी?"

"नाहीतर कोण? चुकीच्या दिशेने चाललायस."

"त्या मुलीने सांगितलं..."

"कोणी काही सांगेल. तू इथे दोन हिवाळे फिरलास ना?"

"मी समोरून येणाऱ्यांत शोधत होतो तुला."

"बघितलं. समोरच्या बायकांच्या तोंडात शिरायचाच बाकी होतास." मग ती थांबली. आवाज खाली आला. "समोरून आले असते, तर ओळखलं असतंस?"

एवेलिओने तिच्याकडे नीट बघितलं. घाई केली नाही.

"माहीत नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, आता गेलं सगळं. पण दोमीने मान हलवली. "विशीत विचारलं असतं तर खोटं बोलला असतास. चल, चाल आता. उभं राहिलं की माझा गुडघा धरतो."

तेव्हा शेजारी यायला पुरुषाला वळावं लागायचं. त्या दिवशी त्याला वळावंही लागलं नाही. तो आधीच आमच्या दिशेने चालत होता. मी हात सोडवून घेतला आणि बाकावर जाऊन बसले.

नोएलिया धावत आली. "मावशी, माझा एक माणूस कमी भरतोय! ते अर्जेंटिनाचे आजोबा कुठे गेले?"

"ते काय, तिथे चाललेत."

"मला सगळ्यांना हॉटेलवर पोचवायचंय!"

"बाकीच्यांना पोचव. तो येईल आपला आपण. या गावात कायदा शिकलाय तो."

दुसऱ्या दिवशी बस वेळेवर निघाली आणि एवेलिओ तिच्यातून गेला. मी मुद्दाम पावाच्या दुकानापाशी थांबून राहिले. दोमी आली, डोळ्यावर चष्मा, काखेत पिशवी.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"अगं, काय म्हणाला म्हणून काय विचारतेस! चामड्याचे भाव, रोसारिओची नदी, बायकोचं आजारपण, जावयाची भांडणं. थांबेचना. इतकी वर्षं मला वाटत होतं, बिचारा लाजतो म्हणून वळला नाही." तिने पाव दाबून बघितला आणि दुसरा मागितला. "रविवारी फोन करतो म्हणालाय."

"उचलणार?"

"जेवण झाल्यावर केला तर उचलेन. आधी केला, तर मसूर करपतील."